जहाज पाण्यात सोडलं म्हणजे झालं का? युद्धनौका बांधायची देशाची ताकद बातम्यांवरून कशी ओळखायची

15 जानेवारी 2025 ला मुंबईत एकाच दिवशी सुरत, निलगिरी आणि वागशीर अशी तीन नावं नौदलात दाखल झाली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे एका दिवसात तीन, आता आपल्याला कोण अडवतंय, आणि दुसरी म्हणे चीनमध्ये बघा जरा, कसलं कौतुक घेऊन बसलात. मी दोघांनाही एकच विचारलं की या तिन्हींची ऑर्डर कधी दिली होती ते सांगा, तर ग्रुप एकदम शांत. (सुरतची 2011, निलगिरीची 2015, आणि वागशीर पाणबुडी ज्या कॉन्ट्रॅक्टमधली त्यावर सही झालीये 2005 ला.)

तेव्हापासून बरेच जण विचारतात की तू हे बघतोस कसं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. यात काही गुपित नाही, सगळं पीआयबीच्या प्रेस नोट्समध्ये आणि पेपरात येतं. एक एक्सेल शीट लागेल आणि वजाबाकी. बस.

आधी पाच तारखा गोळा करा

कुठल्याही जहाजाच्या पाच तारखा असतात. सरकारने तत्त्वतः मंजुरी दिली ती (बातमीत एओएन म्हणतात), कॉन्ट्रॅक्टवर सही झाली ती, कील म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा ठेवला ती, जलावतरण म्हणजे लाँच झालं ती, आणि नौदलात दाखल म्हणजे कमिशन झालं ती. आपल्याकडे फ्लॅट बुक केलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. एओएन म्हणजे बिल्डरचं होर्डिंग, कॉन्ट्रॅक्ट म्हणजे रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट, कील म्हणजे भूमिपूजन, जलावतरण म्हणजे शेवटचा स्लॅब पडला आणि कमिशनिंग म्हणजे ओसीसकट पझेशन. स्लॅब पडल्यावर पेढे वाटणारे खूप असतात पण प्लंबिंग, वायरिंग, लिफ्ट सगळं बाकी असतं हे ज्याने भोगलंय त्याला माहितीये. माझगाव डॉकमध्ये तारागिरी पाण्यात गेली तेव्हा तिचं वजन साधारण 3510 टन होतं, पूर्ण झाल्यावर या क्लासचं जहाज साडेसहा हजार टनांच्या वर जातं. म्हणजे जवळजवळ अर्धं जहाज लाँचनंतर आत चढवायचं असतं, आणि तोच अर्धा भाग जास्त किचकट.

तारागिरीचं लाँच 11 सप्टेंबर 2022 चं. नेमका त्याच दिवशी ब्रिटनच्या राणीसाठी आपल्याकडे राष्ट्रीय दुखवटा होता, त्यामुळे भाषणं बिषणं सगळं रद्द झालं पण जहाज मात्र त्याच दिवशी सोडलं कारण भरती कोणासाठी थांबत नाही. स्लिपवेवरून म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावरून जहाज सोडायचं तर पाण्याची पातळी लागते आणि ती तारीख हुकली तर मग पुढच्या मोठ्या भरतीची वाट बघा. मुंबईतल्या गोदीची ही जुनी अडचण आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हार्बर लाईन आणि वस्ती, वाढायला जागाच नाही.

एओएनच्या बातमीला तर शीटमध्ये वेगळा रंग द्या, फिकट. उदाहरण देतो. समुद्रातले सुरुंग काढणारी बारा जहाजं गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने बांधायची असं वर्षानुवर्षं चालू होतं, वाटाघाटी झाल्या, वास्कोला तयारी झाली, आणि 2018 च्या सुरुवातीला सगळं गुंडाळलं गेलं. एप्रिल 2019 मध्ये आपल्या नौदलातलं शेवटचं माइनस्वीपर, कोझिकोड, निवृत्त झालं. त्या जागी नवीन एकही नव्हतं. तशीच गत चार मोठ्या एलपीडी जहाजांची (सैनिक आणि गाड्या किनाऱ्यावर उतरवणारी), टेंडर 2013 चं आणि 2020 ला रद्द. या दोन्हीच्या मंजुरीच्या बातम्या तेव्हा मोठ्या मथळ्यात आल्या होत्या.

मग वजाबाकी करा, पण एकाच क्लासमध्ये

विनाशिका आणि पाणबुडी यांची तुलना करू नका, तसंच विमानवाहू नौकेची तुलना कशाशीच करू नका. एकाच घराण्यातली जहाजं ओळीने लावा आणि लाँच ते कमिशन किती वेळ लागला ते काढा. माझं आवडतं घराणं म्हणजे माझगाव डॉकच्या विनाशिका.

कोलकाता लाँच झाली मार्च 2006 ला आणि दाखल झाली ऑगस्ट 2014 ला. आठ वर्षं चार महिने. पोरगं पहिलीतून नववीत गेलं तेवढ्यात. मग पुढची पिढी, म्हणजे 15बी. विशाखापट्टणम एप्रिल 2015 ते नोव्हेंबर 2021, सहा वर्षं सात महिने. मोरमुगाव सप्टेंबर 2016 ते डिसेंबर 2022, सव्वासहा. इम्फाळ एप्रिल 2019 ते डिसेंबर 2023, चार वर्षं आठ महिने. आणि सुरत मे 2022 ते जानेवारी 2025, फक्त दोन वर्षं आठ महिने. हे आकडे एकाखाली एक लिहिले ना की कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कळतं. हात बसत गेला, ड्रॉइंगमधल्या चुका पहिल्या जहाजावर निस्तरल्या गेल्या, केबल कुठून न्यायची, कुठला पाइप कोणाच्या आड येतो हे पुढच्या वेळी आधीच माहीत होतं.

पण इथेच एक गोची आहे आणि ती बरेच जण विसरतात. सुरतचा आकडा छोटा दिसतो त्याला एक कारण असंही आहे की ती पाण्यात जातानाच जास्त तयार होती. जुन्या पद्धतीत रिकामा सांगाडा सोडायचा आणि मग आत माणसं घुसवायची, आता ब्लॉक बनवतात, त्या ब्लॉकमध्येच पाइप, केबल ट्रे, मशीनचे बेस बसवून टाकतात आणि मग ब्लॉक जोडतात. सुरतचे ब्लॉक तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधून माझगावला जोडले. जमिनीवर उजेडात उभं राहून केलेलं काम आणि बोटीच्या पोटात वाकून केलेलं काम यात किती फरक पडतो ते कुठल्याही फिटरला विचारा. म्हणून जे काम आधी लाँचनंतर मोजलं जायचं ते आता लाँचच्या आधी सरकलंय. तेव्हा दुसरी वजाबाकी पण कराच, कॉन्ट्रॅक्टपासून शेवटच्या जहाजापर्यंत. 15बी चं कॉन्ट्रॅक्ट जानेवारी 2011, शेवटची सुरत जानेवारी 2025. चार जहाजं आणि चौदा वर्षं. दोन्ही आकडे खरे आहेत, व्हॉट्सॲपवर ज्याला जो सोयीचा तो तो टाकतो.

17ए म्हणजे निलगिरी क्लासच्या फ्रिगेट (विनाशिकेपेक्षा लहान युद्धनौका), त्यांच्यावर आता तुम्ही स्वतः करून बघा, कारण तिथे दोन यार्डची तुलना पण मिळते. सातपैकी चार माझगावला आणि तीन कोलकात्याच्या जीआरएसईला. सुरुवात करून देतो. निलगिरी सप्टेंबर 2019 ते जानेवारी 2025, उदयगिरी मे 2022 ते ऑगस्ट 2025, दोन्ही माझगावच्या. हिमगिरी डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2025, ती कोलकात्याची. निलगिरी आणि हिमगिरी या दोन्ही आपापल्या यार्डमधल्या या क्लासच्या पहिल्या, म्हणून तुलना त्यांची त्यांच्यात करा, उदयगिरीला मध्ये आणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, मधली रिकामी वर्षं शोधा

माझ्या मते खरी ताकद इथे दिसते, आणि बातमीत हीच गोष्ट कधी येत नाही कारण काही घडत नसलं तर बातमी कशाची करणार.

पाणबुडीचंच बघा. 1981 ला जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला, दोन जर्मनीतल्या कील शहरात बांधल्या आणि दोन माझगावला. शल्की 1992 ला आली, शंकुल 1994 ला. आपली माणसं जर्मनीत जाऊन शिकून आली होती, प्रेशर हलचं म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या सांगाड्याचं वेल्डिंग म्हणजे खायची गोष्ट नाही, पाण्याखाली शेकडो मीटरवर तो सांधा टिकला पाहिजे. आणि मग? या सौद्यातल्या दलालीचं प्रकरण आधीच गाजलेलं, पुढची ऑर्डर नाही, लाइन बंद. वागशीर ज्यातली त्या फ्रेंच स्कॉर्पिन पाणबुड्यांचं कॉन्ट्रॅक्ट झालं 2005 ला, म्हणजे शंकुलनंतर अकरा वर्षं काहीच नाही. शिकून आलेली माणसं तोवर रिटायर झाली, काही गल्फला गेली. मग फ्रेंचांकडून परत पहिल्यापासून शिका. त्यातली पहिली, कलवरी, आली डिसेंबर 2017 ला. आमचे एक मामा गोदीत प्लेटर होते, ते सांगायचे की वेल्डरचं सर्टिफिकेट सहा महिने त्या प्रकारचं वेल्डिंग केलं नाही तर परत टेस्ट द्यावी लागते. सहा महिने! आणि इथे अकरा वर्षं. आता वागशीर ही सहावी आणि शेवटची गेली जानेवारी 2025 ला, तेव्हा शीटमध्ये तिच्या खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि पुढच्या पाणबुडीचं स्टील प्रत्यक्षात कापायला कधी घेतात ती तारीख आली की तिथे भरा. मधलं अंतर हा तुमचा आकडा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. ब्रिटनने त्यांच्या बॅरोच्या यार्डमध्ये व्हॅनगार्ड पाणबुड्या संपल्यावर असाच खंड पडू दिला, तिथली माणसं सुमारे 13,000 वरून 3,000 वर आली, आणि पुढची पाणबुडी ॲस्ट्यूट बांधायला घेतली तेव्हा इतका घोळ झाला की अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीतून लोक बोलवावे लागले. ज्यांनी आधी अणुपाणबुड्या बांधल्या होत्या त्यांच्यावर ही वेळ!

उलट जपान बघा. कोबे शहरात दोन यार्ड, मित्सुबिशी आणि कावासाकी, आलटून पालटून काम घेतात आणि साधारण वर्षाला एक पाणबुडी. कित्येक दशकं हाच ताल. 2010 मध्ये त्यांनी ठरवलं की पाणबुड्यांचा ताफा 16 वरून 22 वर न्यायचा, तर त्यासाठी यार्डला घाई करायला लावलीच नाही, जुन्या पाणबुड्या थोड्या जास्त वर्षं वापरल्या. यार्डचा ताल तोच. मला हे जाम आवडतं. नळाला रोज बारीक धार असली तर बादली भरते, आपल्याकडे आठवड्यातून एकदा टँकर येतो आणि मग सोसायटीत भांडणं.

घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

जहाज उशिरा झालं की आपण यार्डला शिव्या घालतो. बऱ्याचदा यार्ड बिचारं वाट बघत बसलेलं असतं. सामान आलेलं नसतं. म्हणून उशिराची बातमी आली की शोधायचं कशामुळे, आणि साधारण चारच उत्तरं निघतात, स्टील, इंजिन, गिअरबॉक्स किंवा क्षेपणास्त्र.

स्टीलचं उत्तर आपण काढलं. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी रशियाकडून यायचं स्टील येईना म्हणून हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेने डीएमआर 249ए नावाचं स्टील तयार केलं आणि सेल या सरकारी स्टील कंपनीने ते मोठ्या प्रमाणात बनवलं, आता सगळ्या नव्या जहाजांना तेच. विक्रांतची कील 2009, लाँच 2013, दाखल सप्टेंबर 2022. नऊ वर्षं लाँचनंतर, पण त्यातून हे स्टील मिळालं ते पुढच्या प्रत्येक जहाजाला कामी आलं, म्हणून या नऊ वर्षांवर मी फार चिडत नाही.

इंजिनाचं मात्र अजून अवघड आहे. 15बी विनाशिकांची गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या माशप्रोएक्त कारखान्यातली. 17ए ची अमेरिकन जीईची एलएम 2500, बंगळुरूला एचएएलमध्ये जुळणी होते. 2014 ला क्रिमिया प्रकरण झाल्यावर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं बंद केलं तेव्हा रशियाच्या स्वतःच्या फ्रिगेट अर्धवट यार्डात पडून राहिल्या, एवढी मोठी लष्करी महासत्ता आणि इंजिन शेजाऱ्याचं. आपली तुशील आणि तमाल ही दोन जहाजं कालिनिनग्राडला बांधली गेली त्यात टर्बाइन युक्रेनची, ती आपण विकत घेऊन रशियन यार्डला दिली. असला व्यवहार जगात कोणी केला असेल असं वाटत नाही मला. आता पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला एप्रिल 2025 मध्ये 6 मेगावॅटचं सागरी डिझेल इंजिन विकसित करायचं काम मिळालंय, 270 कोटींचं, त्यात 70 टक्के पैसे सरकारचे. गिअरबॉक्ससाठी आपलं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे, उसाच्या मळ्यात नौदलाचे गिअरबॉक्स बनतात हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. (तेच वालचंद हिराचंद, सोलापूरचे. विशाखापट्टणमचं जहाज बांधायचं यार्डही त्यांच्याच सिंदिया कंपनीने 1941 ला सुरू केलं.) असल्या बातम्या पान सातवर कोपऱ्यात येतात, कापून ठेवा.

आणि हो, ‘75 टक्के स्वदेशी’ वाचलं की थांबा. नौदलवाले स्वतः जहाजाचे तीन भाग करून बोलतात, तरंगणं, चालणं आणि लढणं. तरंगण्यात म्हणजे सांगाड्यात आपण जवळजवळ पूर्ण स्वतःच्या पायावर आहोत, चालण्यात कमी आणि लढण्यात अजून कमी. कलवरी पाणबुड्यांना ज्या टॉर्पेडो घ्यायच्या होत्या तो सौदा हेलिकॉप्टर घोटाळ्याच्या भानगडीत रद्द झाला आणि नव्या टॉर्पेडोंचा करार झाला डिसेंबर 2024 ला, तोपर्यंत पाच पाणबुड्या नौदलात दाखल होऊन बसल्या होत्या. यात यार्डचा काय दोष सांगा.

पैसे ओतले की होतं का?

नाही होत, अमेरिकेकडे बघा. 2020 ला त्यांनी कॉन्स्टेलेशन फ्रिगेटची ऑर्डर विस्कॉन्सिनमधल्या फिनकांतिएरीच्या यार्डला दिली. डिझाइन इटली आणि फ्रान्सचं, आधीच समुद्रात चालणारं, म्हणजे काम सोपं. ठरलं होतं 85 टक्के डिझाइन तसंच ठेवायचं. मग नौदलाने हे बदला ते बदला करत साम्य 15 टक्क्यांच्या आसपास आणलं, त्यात डिझाइन पुरं व्हायच्या आधीच स्टील कापायला घेतलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दोन जहाजं ठेवून बाकीची रद्द केली. किचनचा ओटा घातल्यावर तो इकडे नको तिकडे घ्या म्हणणारं गिऱ्हाईक प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला भेटलेलं असतं. तेव्हा शीटमध्ये एक कॉलम ‘डिझाइन कधी गोठवलं’ असा ठेवा, माहिती सहसा मिळत नाही पण मिळाली तर सोनं.

आणि शेवटी व्यापारी जहाजं. हे कोणी बघत नाही. 2023 मध्ये अमेरिकन नौदलाच्या गुप्तचर खात्याची एक स्लाइड बाहेर आली होती, त्यात चीनची जहाजबांधणी क्षमता अमेरिकेच्या 232 पट दाखवली होती. तो आकडा सगळ्या प्रकारच्या जहाजांचा मिळून आहे, फक्त युद्धनौकांचा नाही, त्यामुळे 232 पट नौदल असं कोणी म्हणालं तर हसा. पण त्यात तथ्य आहे. चिनी यार्डमध्ये एका गोदीत कंटेनर जहाज आणि शेजारच्या गोदीत विनाशिका उभी असते, तोच वेल्डर, तीच क्रेन, तोच पंपवाला, तोच व्हॉल्ववाला. नौदलाची ऑर्डर कमी झाली तरी कोणी घरी बसत नाही. आपला जगातल्या जहाजबांधणीत वाटा एक टक्क्याच्याही आत आहे, त्यामुळे नौदलाची ऑर्डर संपली की यार्ड ओस. खाजगी यार्डांचं काय झालं ते आठवा, पिपावावला 2011 ला पाच गस्ती जहाजांची ऑर्डर मिळाली आणि नौदलाच्या हातात एकही पडलं नाही, कंपनीच दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलंय, ते मुख्यतः व्यापारी जहाजांसाठी आहे आणि माझ्या मते नौदलालाही त्याचाच जास्त उपयोग होईल, अर्थात पैसे प्रत्यक्ष सुटले तर.

शीट भरून झाली की एक रविवार काढा आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसची लाँच पकडा. बाहेर पडताना माझगाव डॉकच्या बाजूला नजर ठेवा (फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, उगाच सुरक्षावाले विचारपूस करतील). जहाज पाण्यात उंच तरंगतंय का बघा, लाल रंगाचा पट्टा खूप वर दिसत असेल तर पोट अजून रिकामं आहे. डेकवर परांच्या आणि ताडपत्र्या असतील तर आत वायरिंग चालू आहे. आणि मास्टवर रडार बसलेलं नसेल, तर बातमीत ‘लवकरच दाखल’ असं कितीही लिहिलेलं असू दे, तुमच्या शीटमधला कमिशनचा रकाना अजून रिकामाच ठेवा.